तुम्ही विचारलंत म्हणून: अख्खं जग एका पानावर मांडायचं कसं?

स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी मुलं आणि शाळेतले शिक्षक मला एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात. जगाचं क्षेत्रफळ, लोकसंख्या आणि उत्पन्न एका पानावर मांडायचं आहे, पण दर पुस्तकात आकडे वेगळे. खरे कोणते धरायचे?

बहुतेक वेळा दोन्ही आकडे बरोबर असतात, फक्त ते वेगवेगळ्या गोष्टी मोजत असतात. म्हणून पान आखताना आकड्याशेजारी आणखी दोन रकाने ठेवा: कोणत्या वर्षाचा, आणि त्यात नेमकं काय धरलंय. हे दोन रकाने रिकामे राहत असतील तर तो आकडा पानावर घेऊच नका.

सुरुवात जमिनीपासून करू, कारण हे आकडे वर्षानुवर्षं टिकतात. पृथ्वीचा पृष्ठभाग ५१ कोटी चौरस किलोमीटर. त्यात पाणी ३६.१ कोटी, जमीन १४.९ कोटी. जमिनीतले सुमारे १.४ कोटी अंटार्क्टिकाचे, आणि तिथे कायमची वस्ती नाही. हे लक्षात ठेवायचं कारण घनता. जगाची लोकसंख्या ८२० कोटी धरून सगळ्या जमिनीने भागलं तर चौरस किलोमीटरला ५५ माणसं येतात, अंटार्क्टिका वगळली तर ६१. दोन पुस्तकांत हे दोन आकडे दिसले तर चूक कुणाचीच नाही.

देशांच्या क्रमवारीतही हीच गंमत आहे. रशिया १.७१ कोटी चौरस किलोमीटर, तो पहिलाच. पुढचे तीन मात्र जागा बदलतात. एकूण क्षेत्रफळात कॅनडा ९९.८ लाखांवर दुसरा येतो. पण त्यातलं जवळपास ९ लाख क्षेत्र गोड्या पाण्याखाली आहे. फक्त जमीन मोजली की कॅनडा थेट चौथा. अमेरिकेच्या ९८.३ लाखांत पंचमहासरोवरांचा तिच्या वाट्याचा भाग आणि किनाऱ्यालगतचं पाणी धरलेलं असतं. ते काढलं की ९६ लाखांचा चीन पुढे जातो. तुमच्या पानावर ‘एकूण’ की ‘फक्त जमीन’ हे शीर्षकातच लिहा आणि शेवटपर्यंत तेच पाळा.

नकाशाचंही तसंच. वर्गाच्या भिंतीवर बहुधा मर्केटर प्रक्षेपणाचा नकाशा असतो (प्रक्षेपण म्हणजे गोल पृथ्वी सपाट कागदावर उतरवण्याची पद्धत). तो १५६९ सालचा, खलाशांसाठी केलेला. होकायंत्राची दिशा सरळ रेषेत आखता यावी म्हणून त्यात ध्रुवांकडची जमीन ताणली जाते. ६० अंश अक्षवृत्तावर लांबी दुप्पट, रुंदी दुप्पट, म्हणजे क्षेत्रफळ चौपट दिसतं. म्हणून ग्रीनलंड आफ्रिकेएवढं वाटतं. प्रत्यक्षात ग्रीनलंड २१.७ लाख चौरस किलोमीटर आणि आफ्रिका ३ कोटींच्या वर, जवळजवळ चौदा पट. आपला ३२.८७ लाखांचा भारतसुद्धा ग्रीनलंडच्या दीडपट आहे. लोकसंख्या किंवा उत्पन्न रंगवून दाखवायचं असेल तर समक्षेत्र प्रक्षेपणाचाच, म्हणजे क्षेत्रफळांचं प्रमाण खरं ठेवणारा, नकाशा घ्या, नाहीतर रंग खोटं बोलतो.

किनाऱ्याच्या लांबीपाशी थोडं थांबू या, कारण मोजमाप म्हणजे काय हे इथे सगळ्यात स्वच्छ दिसतं. भारताचा किनारा कित्येक वर्षं ७,५१६ किलोमीटर शिकवला गेला. आता सरकारी आकडा ११,०९८ आहे. समुद्र वाढला नाही आणि जमीनही नाही. जुनी मोजणी १९७० च्या दशकातली, १:४५,००,००० प्रमाणाच्या नकाशावरची. त्या नकाशावर एक सेंटिमीटर म्हणजे ४५ किलोमीटर, म्हणजे खाडीचं मुख दिसलं तर दिसलं, आतली वळणं गायबच. नवी मोजणी १:२,५०,००० प्रमाणावर, एक सेंटिमीटरला अडीच किलोमीटर. आता प्रत्येक खाडी, प्रत्येक बेट पट्टीखाली येतं. पश्चिम बंगालचा किनारा १५७ वरून ७२१ किलोमीटर झाला, कारण सुंदरबनच्या फाट्याफाट्यातून रेषा फिरली. कोकणातली कुठलीही खाडी नकाशात मोठी करून पाहा, तेच कळेल. आपल्या पाठ्यपुस्तकातले महाराष्ट्राचे ७२० किलोमीटरही याच नजरेने वाचायला हवेत. दोन देशांच्या किनाऱ्यांची तुलना करायची तर दोन्ही एकाच प्रमाणावर मोजलेले असले पाहिजेत. तसे मिळत नसतील तर तो रकाना सोडून द्या.

लोकसंख्येत सरासरी फसवते. इजिप्तला साधारण १० लाख चौरस किलोमीटर जमीन आणि ११ कोटींहून जास्त माणसं, म्हणजे चौरस किलोमीटरला शंभर-सव्वाशे. वाचून वाटतं, फार दाटी नाही. पण जवळपास ९५ टक्के लोक नाईलच्या काठी आणि त्रिभुज प्रदेशात, देशाच्या सुमारे ५ टक्के जमिनीवर राहतात. तिथली घनता दोन हजारांच्या वर जाते. मंगोलियात उलट बाजू: १५.६ लाख चौरस किलोमीटरमध्ये ३५ लाख माणसं, आणि त्यातली जवळपास निम्मी एकट्या उलानबातर शहरात. घनतेशेजारी ‘लोक कुठे राहतात’ याची अर्धी ओळ लिहिली की पान एकदम जिवंत होतं.

आता उत्पन्न. इथे सगळ्यात जास्त चुका एककात होतात. एक मिलियन म्हणजे १० लाख, एक बिलियन म्हणजे १०० कोटी किंवा एक अब्ज, एक ट्रिलियन म्हणजे एक लाख कोटी. बातम्यांच्या भाषांतरात यांतलं एखादं शून्य सर्रास गळतं. पडताळा सोपा आहे, भागाकार करा. २०२४ मध्ये जगाचं एकूण उत्पादन, म्हणजेच उत्पन्न, सुमारे ११० लाख कोटी डॉलर. त्याला ८२० कोटींनी भागलं की माणशी साधारण १३,४०० डॉलर. चुकून ११० हजार कोटी लिहिलं असतं तर माणशी वर्षाला १३४ डॉलर आले असते, आणि चूक लगेच डोळ्यात भरली असती. प्रत्येक मोठा आकडा असा माणशी करून बघायची सवय लावून घ्या.

दुसरा घोळ डॉलर कोणत्या दराने धरला याचा. बाजारातल्या विनिमय दराने अमेरिका पहिली, चीन दुसरा. क्रयशक्तीच्या दराने, म्हणजे पैशात प्रत्यक्षात किती वस्तू येतात त्यावरून काढलेल्या दराने, चीन पहिला, अमेरिका दुसरी, भारत तिसरा. बाजारात डॉलरला ऐंशीच्या वर रुपये पडतात, पण अमेरिकेत एका डॉलरला जेवढं येतं तेवढं आपल्याकडे साधारण २० रुपयांत येतं. कटिंग, रिक्षा, घरभाडं, शिकवणी या गोष्टी सीमा ओलांडत नाहीत, म्हणून त्या इथे स्वस्त राहतात. मग वापरायचा कोणता? लोक कसे जगतात हे दाखवायचं असेल तर क्रयशक्तीचा. कच्चं तेल, विमानं, परदेशी कर्ज यांचा विषय असेल तर बाजारभावाचा, कारण तेल विकणारा क्रयशक्तीचे डॉलर घेत नाही.

उत्पन्नाचा आकडा एका रात्रीत उडी मारतो तेव्हाही घाबरू नका, कारण शोधा. २०१४ मध्ये नायजेरियाने आधारभूत वर्ष, म्हणजे हिशेबाचा पाया धरलेलं वर्ष, १९९० ऐवजी २०१० घेतलं, आणि आधी नीट न मोजलेली मोबाइल सेवा, चित्रपट असे व्यवसाय हिशेबात आले. अर्थव्यवस्था ८९ टक्क्यांनी मोठी दिसू लागली आणि देश दक्षिण आफ्रिकेच्या पुढे गेला. लोकांच्या खिशात त्या दिवशी एक पैसा वाढला नव्हता. आयर्लंडची २०१५ ची वाढ सुमारे २६ टक्के निघाली, कारण बहुराष्ट्रीय कंपन्यांनी पेटंटसारखी मालमत्ता कागदोपत्री तिथे हलवली. पुढे त्या देशाने स्वतःच अशा गोष्टी वगळून वेगळा निर्देशांक काढला. असे देश पानावर घेताना खूण करा.

पान ताजं ठेवायचं तर आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे उत्पन्नाचे अंदाज एप्रिल आणि ऑक्टोबरमध्ये येतात, संयुक्त राष्ट्रांचे लोकसंख्येचे साधारण दर दोन वर्षांनी. क्षेत्रफळाचा रकाना शाईने लिहिलात तरी चालेल. भारताच्या लोकसंख्येची ओळ मात्र पेन्सिलनेच लिहा. मोजलेला शेवटचा आकडा २०११ चा, १२१ कोटी. २०२१ ची जनगणना झाली नाही. आज सगळीकडे दिसणारे १४५ कोटी हा संयुक्त राष्ट्रांचा २०२४ चा अंदाज आहे, आणि २०२३ मध्ये आपण चीनला मागे टाकलं हेही त्याच अंदाजावरून. पुढच्या जनगणनेसाठी देशाच्या बहुतेक भागात १ मार्च २०२७ ही संदर्भ तारीख ठरली आहे. तोवर त्या ओळीपुढे ‘अंदाज’ हा शब्द राहू द्या.