सही राहिली, म्हणून परत लळिंगला

जिओकॅशिंगचा, म्हणजे कोणीतरी लपवलेला डबा जीपीएसवर शोधून आतल्या कागदावर सही करायच्या खेळाचा, नाद मला पुण्यात नोकरीला असताना लागला. धुळ्याला परत आलो, तर लळिंगच्या टेकडीखाली, महामार्गापासून थोडं आत, एक डबा ॲपवर दिसला. मे महिना, ऊन ४३ अंशांवर. अर्धा तास दगड उलथवल्यावर फिल्म रोलची काळी डबी हाती लागली. आत बोटभर रुंदीच्या कागदाची सुरळी. सही करायला खिशात हात घातला तर पेन गाडीत, आणि गाडी पार खाली. म्हटलं, जाऊ दे, डबीसोबत फोटो काढला की झालं. घरी येऊन ‘सापडला’ अशी नोंद टाकून दिली.

तीन आठवड्यांनी नोंद गायब. डबा ठेवणाऱ्याचा निरोप आला: ‘भाऊ, कागदावर तुमची सही नाही.’

डोकंच फिरलं. पण चूक माझीच होती. या खेळात आधी कागदावर सही, मग ऑनलाइन नोंद. सही नसेल तर मालक नोंद काढून टाकू शकतो. ३ मे २००० ला अमेरिकेत ओरेगॉनमध्ये डेव्ह अल्मरने पहिली बादली लपवली, तिच्यातसुद्धा वही आणि पेन्सिल होती. आदल्याच दिवशी तिकडच्या सरकारने जीपीएसमध्ये मुद्दाम ठेवलेली चूक बंद केली होती, म्हणून तर हा खेळ जमला.

पहिला पाऊस पडून गेल्यावर परत गेलो. या वेळी जेल पेन घेऊन. दगडापाशी वाकलो होतो, तेवढ्यात बकऱ्या राखणारे एक बाबा आले. ‘काय शोधी राह्यना, भाऊ?’ खेळातली मंडळी अशा बाहेरच्यांना ‘मगल’ म्हणतात आणि त्यांच्यापासून डबा लपवतात. बाबा हसले. ‘ती डबी? मी रोज देखस.’ उघडली मात्र त्यांनी कधीच नव्हती.

मग निवांत बसून सुरळी उलगडली. पहिल्यांदा घाईत मी ती धड वाचलीच नव्हती. कोणी फक्त दोन अक्षरं आणि तारीख टाकलेली. (माणूस जुना खेळाडू, जागा वाचवतो.) एकाने चार ओळी अडवून निसर्गवर्णन केलेलं. एकाने आपल्या नावाचं स्टिकर चिकटवलेलं. त्यामुळे सुरळी जाड होऊन डबीत जाताना अडत होती. स्टिकरवाल्यांचा मला तेव्हापासून राग आहे. एका गटाने पाच जणांत मिळून एकच नाव लिहिलेलं. तीनचार ठिकाणी नुसतं ‘टीएफटीसी’, म्हणजे डब्याबद्दल आभार.

माझं खेळातलं नाव ‘भरीतवांगं’. उरलेल्या जागेत ते मावेना, म्हणून ‘भ. वां.’ लिहिलं, खाली तारीख. कागद दमट होता. शाई पसरली. फुंकर मारली तर आणखीच पसरली. बाबा म्हणाले, पेन्सिल आणायची ना.

घरी येऊन दुसऱ्या फेरीच्या तारखेने नवी नोंद टाकली, खाली लिहिलं की सही ‘भ. वां.’ अशी आहे. महिनाभराने मालकाचा निरोप आला: ‘सही दिसली भाऊ. तारीख ८ आहे का ३?’

आठ होती. नोंद राहिली. आता गाडीच्या किल्लीला सुतळीने बांधलेला पेन्सिलीचा तुकडा असतो. बायको विचारते, हे काय लोंबतंय.