पक्षाघातानंतरची सोबत : माझा अनुभव

पक्षाघाताबद्दल लिहिणारे बहुतेक जण दवाखान्याबद्दल लिहितात. मला लिहायचंय ते घरी आल्यानंतरच्या महिन्यांबद्दल, पण थोडं आधीचं सांगावंच लागेल.

तासगाव तालुक्यात आमचं गाव. घरातच माझं शिलाईकाम: ब्लाउज, फॉल-पिको, काजं-बटण. दिवाळीआधीच्या गर्दीत एका सकाळी मशीनवर बसलेली असताना डावा हात कापडावरून घसरला आणि उचलेना. तोंड वाकडं झालं, जीभ जड पडली. गावातल्या एका डॉक्टरांनी अशक्तपणा आहे म्हणून सलाइन लावलं आणि दुपार तिथंच गेली. मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली असेल तर ती विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, हे आम्हाला मिरजेला पोचल्यावर कळलं. चेहरा वाकडा होणं, हात खाली पडणं, बोलणं अडखळणं, यातलं एक जरी अचानक दिसलं तरी सीटी स्कॅनची सोय असलेला मोठा दवाखाना गाठा. १०८ ला फोन करा. सलाइनच्या नादी लागू नका. यापुढं त्या दिवसाबद्दल काही लिहीत नाही.

गुठळी मेंदूच्या उजव्या बाजूला होती म्हणून शरीराची डावी बाजू गेली. बोलणं बऱ्यापैकी परत आलं. त्यामुळं येणारा प्रत्येक जण म्हणायचा, "नशीबवान आहेस, बोलता तरी येतंय." मग चहा प्यायचा, हात-पाय हलवून दाखवायला सांगायचा, आणि जाताना कुणाच्या तरी मामाचा किस्सा सांगून जायचा, जो तीन महिन्यांत टुणटुणीत होऊन शेतात जायला लागला. मामाच्या मनाची तयारी जबरदस्त होती म्हणे. म्हणजे माझी नव्हती.

हाताला आणि पायाला काय झालंय ते सगळ्यांना दिसत होतं. न दिसणारं वेगळंच होतं. कशावरही रडू यायचं, आणि एकदा सांत्वनाला आलेल्या बाईंसमोर हसू फुटलं ते थांबेना. सकाळी वेणी घालून घेतली तरी अर्धा तास पडून राहावं लागायचं. आणि ताटाची डावी बाजू! भाजी ताटात डावीकडं वाढलेली असायची आणि मी नुसती भाकरी आमटीबरोबर खाऊन उठायची. सासूबाईंना वाटलं, दवाखान्यातून आल्यापासून हिची तोंडाची चव बदलली. मला ती भाजी दिसतच नव्हती. डोळे चांगले होते, पण मेंदू त्या बाजूची दखल घेत नव्हता. उजव्या मेंदूला इजा झाली की असं होऊ शकतं, हे पुढं कळलं.

फिजिओथेरपीला मिरजेला जायचो तिथल्या मॅडमनी विचारलं, "सोबती हवी का?" जुन्या पेशंटांना थोडं प्रशिक्षण देऊन ते नव्या पेशंटांशी जोडून देत होते. फॉर्मवर 'पिअर कोचिंग' असं छापलं होतं. मी नाही म्हणाले. आणखी एक मामाचा किस्सा ऐकायची माझी तयारी नव्हती. आमचे हे म्हणाले, "एकदा बोलून तर बघ, नाही आवडलं तर फोन उचलू नकोस." तेवढं मला पटलं.

मला जोडून दिलेली सोबती म्हणजे काकू, निवृत्त अंगणवाडी सेविका. हातात चार पायांची काठी, उजवी मूठ वळलेली ती वळलेलीच. बोलता बोलता शब्द अडायचा, मग त्या थांबायच्या. मी पटकन शब्द पुरवायला गेले तर डावा हात वर करून मलाही थांबवायच्या. शब्द त्यांचा त्यांनीच आणायचा. त्यांना झटका येऊन काही वर्षं झाली होती आणि त्या बऱ्या झालेल्या नव्हत्या. मला तेच बरं वाटलं. पूर्ण बरा झालेला माणूस पलीकडच्या काठावरून हाका मारत राहतो. काकू माझ्यासारख्याच पाण्यात होत्या, फक्त खोली कुठं किती आहे ते त्यांना ठाऊक होतं. तुम्हाला असा सोबती निवडायची संधी मिळाली तर ज्याच्या अंगात अजून काही उरलंय असाच निवडा, असं माझं स्पष्ट मत आहे.

पहिल्याच भेटीत त्यांनी नियम सांगितले. त्या डॉक्टर नाहीत, गोळ्यांबद्दल आणि व्यायामाबद्दल काही सांगणार नाहीत. मी बोललेलं घरच्यांना कळणार नाही. "पण जीव नकोसा झालाय असं म्हणालीस, तर मी गप्प बसणार नाही. मॅडमना सांगणार. चालेल?" मी चालेल म्हटलं, तेव्हा फारसं मनावर न घेता.

मग दर मंगळवारी सकाळी फोन. सुरुवातीचे फोन मला मुळीच आवडले नाहीत. मी म्हणायची, "काय करू सांगा." त्या म्हणायच्या, "तुला काय करावंसं वाटतंय?" एकदा वैतागून म्हणाले, "मला ब्लाउज शिवायचाय, द्या शिवून." त्या हसल्या नाहीत. विचारलं, "ब्लाउज शिवताना पहिलं काम कुठलं?" मापं घेणं. "त्याला किती हात लागतात?" टेप धरायला दोन. "मग एक हात कुणाचा घेता येईल?" पुतणी दहावीत होती, घरात होती. मग त्यांचा ठरलेला प्रश्न आला: "या आठवड्यात एकीचं माप घ्यायचं. जमेल याची खात्री दहापैकी किती?" मी म्हटलं, चार. "मग हे काम मोठं झालं. लहान कर." शेवटी ठरलं की पुतणीचंच माप घ्यायचं, तेही बसून, आणि फक्त बाही आणि उंची. खात्री आठ.

ही युक्ती मला नंतर नीट कळली. सातच्या खाली आकडा आला की उत्साहात काम ठरवायचंच नाही, ते कापून लहान करायचं. व्यायामाचे तक्ते घरात पडून राहतात ते याच कारणानं. दिवसातून तीनदा असं कुणीतरी लिहून देतं आणि जमेल का हे कुणी विचारत नाही.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो थकव्यावर. मला वाटायचं मी आळशी झालेय, घरातल्यांनाही वाटत असावं. काकूंनी पहिल्यांदा विचारलं, "दिवसात कितीला संपतेस?" हा प्रश्न ज्याला झटका येऊन गेलाय त्यालाच सुचतो. पक्षाघातानंतरचा थकवा झोपेनं भरून निघेलच असं नाही, मेंदूला साध्या कामालाही जास्त कष्ट पडतात. मी आठवडाभर वहीत लिहून ठेवलं: काय केलं, किती वाजता, त्यानंतर कशी होते. चित्र लख्ख दिसलं. अंघोळ, वेणी आणि फिजिओ एकाच सकाळी आले की दुपारी मी कामातून गेलेली असायची. आणि व्यायामापेक्षा जास्त दमवायचे ते पाहुणे. चार माणसं एकदम बोलायला लागली की कुणाचं ऐकायचं ते कळायचं नाही. मग अंघोळ संध्याकाळी नेली. पाहुण्यांना दुपारी चारनंतर यायचं नाही हे सांगायचं काम सासूबाईंनी अंगावर घेतलं, आणि ते त्यांनी माझ्यापेक्षा फार मजेत केलं.

डाव्या बाजूसाठी दवाखान्यातल्या ऑक्युपेशनल थेरपिस्टनी (रोजची कामं पुन्हा करायला शिकवतात त्यांनी) सांगितलं होतं की डावीकडं लाल खूण ठेवायची आणि ती दिसेपर्यंत मान वळवायची. ऐकून मी विसरले होते. काकूंनी आठवण दिली आणि विचारलं, "लाल रंगाचं तुझ्या घरात काय?" शिंपिणीच्या घरात! मी ताटाखाली घालायच्या कापडाला डाव्या कडेनं लाल पायपिन लावून घेतली, पुतणीकडून. आता भाजी संपते.

काकूंच्या हातात नव्हतं तेही लिहायला हवं. लोकांनी उपाय पुष्कळ सांगितले, कबुतराच्या रक्ताची मालीशसुद्धा. एका गावी लकव्याचं औषध देतात म्हणून दीर गाडी घेऊन तयार होते. मला वाटलं काकू ओरडतील. त्यांनी एवढंच विचारलं, "तिथं बीपीची आणि रक्त पातळ ठेवायची गोळी बंद करायला सांगतात का? मॅडमना विचारलंस?" विचारलं. गेलो नाही.

उन्हाळ्यात मी खचले. पहाटे तीनला जाग यायची, कुणाशी बोलू नये वाटायचं, व्यायाम सुटला. मंगळवारचा फोन दोनदा उचलला नाही. तिसऱ्यांदा उचलला आणि म्हणाले, "माझं ओझं झालंय घराला, मी नसते तर बरं झालं असतं." काकू पलीकडं बराच वेळ गप्प होत्या, शब्द जुळवत असतील. मग म्हणाल्या, "हे माझ्या हातातलं नाही. मी आत्ता मॅडमना फोन करतेय. तुला सांगून करतेय." मला राग आला. पण पहिल्या दिवशीच हो म्हणून बसले होते.

दवाखान्यात नऊ प्रश्नांचा कागद भरून घेतला. गेल्या दोन आठवड्यांत झोप, भूक, मन कसं होतं, प्रत्येकाला ० ते ३ गुण, एकूण २७. माझे गुण बरेच होते. मानसोपचारतज्ज्ञांनी सांगितलं की पक्षाघातातून वाचलेल्या साधारण तिघांपैकी एकाला नैराश्य येतं आणि त्यावर उपचार आहेत. गोळी सुरू झाली. परिणाम दिसायला काही आठवडे लागले. रात्री-अपरात्री बोलायला १४४१६ हा टेली मानसचा सरकारी नंबरही दिला, त्यावर मराठीत बोलता येतं. सोबती असूनही हे झालं, असं कुणी म्हणेल. मी म्हणते, सोबती होती म्हणून ते वेळेत पकडलं गेलं.

दुखलं तेही सांगते. काकूंनी एकदा बोलण्याच्या ओघात सांगितलं की सहाव्या महिन्यात त्या देवळाच्या पायऱ्या चढल्या. माझा तेव्हा सहावा महिना होता आणि मला न्हाणीचा उंबरा ओलांडायला धरावं लागत होतं. त्या रात्री मी जेवले नाही. पुढच्या मंगळवारी त्यांना तसं बोलून दाखवलं. त्या म्हणाल्या, "चुकलं माझं." त्यानंतर त्यांनी स्वतःचं मी विचारल्याशिवाय सांगितलं नाही.

कागदपत्रांत मात्र त्यांचा अनुभव सरळ कामाला आला. यूडीआयडी कार्डासाठी, म्हणजे दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्रासाठी, अर्ज ऑनलाइन, मग तपासणी, आणि ४० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असल्याचा दाखला. एसटीत महिलांना २०२३ पासून अर्धं तिकीट आहेच, दिव्यांग सवलतीत पाऊण माफ होतं. मिरजेच्या फेऱ्या करणाऱ्याला हा फरक कळतो. गर्दीत चढताना कुणी मदतीला डावा हात धरून ओढायला लागलं, तर "हात नको, कमरेला धरा" असं मोठ्यांदा म्हणायचं, हेही काकूंनीच पाठ करून घेतलं. ओढल्यानं खांदा निसटू शकतो आणि मग महिनोन्‌महिने ठणकतो.

फोन आता महिन्यातून एकदा येतो. पायाची मशीन काढून मोटारीची घेतली, पॅडल उजव्या पायाखाली. डावा हात कापडावर वजन म्हणून ठेवता येतो, सरकवायचं उजव्यानं. साधे पिकोचे काम मी घेते. कटिंग आणि अस्तराचे ब्लाउज एका शिकाऊ मुलीकडं आहेत, मापं आणि फिटिंग मी बघते, आणि तिनं काखेत ढिलं सोडलं तर उसवायला लावते. पैसे पूर्वीपेक्षा कमी येतात.

या वेळी काकूंनी विचारलं तेव्हा मी म्हटलं, तासगावच्या बाजारात एकटीनं जाऊन दोऱ्याच्या रिळा आणि हुक आणायचेत. खात्री सहा निघाली. म्हणून या आठवड्यात फक्त एसटी स्टँडपर्यंत, पुतणी मागं पन्नास पावलांवर, आणि तिनं बोलायचं नाही.