बोरघाट: चढताना इंजिनांचा हिशेब, उतरताना ब्रेकचा

कर्जत समुद्रसपाटीपासून जेमतेम 60 मीटरवर आहे आणि लोणावळा 620 च्या आसपास. मधल्या 28 किलोमीटरमध्ये रेल्वे सुमारे 560 मीटर चढते. काही ठिकाणी तर 37 मीटर पुढे गेलं की 1 मीटर वर, इतका खडा चढ आहे. मुंबई-पुणे करणारी कितीतरी माणसं हा घाट झोपेत पार करतात. आम्ही मात्र फक्त घाट बघायलाच गेलो होतो. बरोबर नववीतली भाची होती. स्थितिज आणि गतिज ऊर्जेची सूत्रं तिला पाठ आहेत, आणि ती सूत्रं पाहायला बोरघाटापेक्षा चांगली जागा मला माहीत नाही.

जाताना सकाळची डेक्कन एक्सप्रेस घेतली. कर्जतला गाडीच्या मागे बँकर इंजिनं लागतात, तेव्हा सगळ्यात मागच्या डब्यांत जागा मिळाली तर उत्तम. हलकासा धक्का बसतो, मग मागून रेटा सुरू होतो. इंजिनं मागे का, हे मुलांना आधी विचारा. पुढून ओढणाऱ्या इंजिनाच्या लगतच्या कपलिंगवर, म्हणजे डबे जोडणाऱ्या आकड्यावर, सगळ्या गाडीचा ताण येतो. मागून ढकललं की तो वाटला जातो आणि गाडी मागे घसरण्याची भीतीही उरत नाही. मुंबई-सोलापूर वंदे भारत 2023 पासून हाच घाट बँकरशिवाय चढते, कारण तिच्या मोटारी एका इंजिनात नसून गाडीभर निरनिराळ्या डब्यांखाली आहेत.

पळसदरी स्टेशन मागे पडलं की वही काढा. गाडी 1000 टनांची धरू. ती 560 मीटर उचलायला, घर्षण सोडून, दीड हजार युनिट वीज लागते. साध्या घराला तेवढी वर्षभर पुरावी. आता हीच गाडी सपाटीवर ताशी 50 किलोमीटरने धावत असेल, तर तिच्या वेगात साठलेली ऊर्जा किती? फक्त 27 युनिट! भाचीने हे गणित दोनदा तपासलं. घाटात वेग ही किरकोळ रक्कम आहे, खरं भांडवल उंचीत आहे. चढताना आपण ते साठवत जातो.

खिडकीबाहेर दरी कधी डावीकडे असते, कधी उजवीकडे. त्यामुळे बाजूसाठी भांडू नका. दारात मात्र उभे राहू नका, बोगदे फार जवळून जातात. हा मार्ग 1863 साली सुरू झाला. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल काम हाती घेताच वारला आणि ते काम त्याच्या पत्नीने, अ‍ॅलिस ट्रेडवेलने, पुरं करवून घेतलं. हजारो मजूर इथे कामी आले. त्यांची नावं कुठे कोरलेली मला तरी दिसली नाहीत, आणि हे मला मनापासून खुपतं. 1929 पर्यंत खंडाळ्याजवळ गाडीची दिशा उलटी करून पुढचा चढ चढावा लागे. थोड्या जागेत उंची मिळवायची तर रस्ता लांबवावाच लागतो. तेवढीच ऊर्जा, पण एका दमात मागायची नाही.

लोणावळ्यात उतरून चहा घ्या आणि वेळ असेल तर राजमाची पॉइंटवरून दरी बघा. पण माझ्या मते या सहलीतला मोलाचा भाग परतीचा आहे. चढायला ताकद लागते, उतरायला शिस्त.

समजा, ब्रेक नाहीत, घर्षण नाही आणि गाडी लोणावळ्याहून नुसती सोडून दिली. कर्जतला तिचा वेग ताशी 375 किलोमीटर भरेल. गाडी हलकी असो की जड, हा आकडा तोच येतो, सूत्रात वजन दोन्हीकडून जातं. म्हणजे चढताना साठवलेले ते दीड हजार युनिट उतरताना कुठेतरी मुरवायलाच हवेत. साध्या ब्रेकमध्ये ते उष्णता होऊन जातात. म्हणूनच घाटात कधीकधी जळका वास येतो, घाबरू नका. पुनरुत्पादक ब्रेक असलेलं इंजिन मोटारीचंच जनित्र करतं आणि काही वीज तारेत परत देतं.

उतरणाऱ्या गाड्या घाटातल्या मंकी हिल आणि ठाकूरवाडी या जागी थांबतात. हे थांबे प्रवाशांसाठी नाहीत, खाली उतरू नका, पण डोळे उघडे ठेवा. इथे मुख्य रूळ खाली जातात आणि बाजूला एक फाटा डोंगराकडे वर चढताना दिसतो. ती कॅच साइडिंग. गाडीचा रूळ बदलणारा सांधा एरवी त्या फाट्याकडेच लावलेला असतो. गाडी ठरल्या जागी थांबली, म्हणजे ताब्यात आहे हे दिसलं, की मगच तिला मुख्य मार्ग मिळतो. ब्रेक गेलेली गाडी आपसूक चढावर जाते आणि वेगाची पुन्हा उंची होते. ताशी 60 किलोमीटरचा वेग मोडायला 14 मीटर उंची लागते. 120 असेल तर 28 नाही, 57 मीटर. दुप्पट वेग, चौपट उंची. म्हणून पहिल्या थांब्यालाच गाडी पकडायची, वेग वाढू द्यायचा नाही. माझ्या लेखी या घाटातली ही सर्वांत सुंदर रचना आहे. ना यंत्र, ना वीज, नुसता चढ.

मुक्काम कर्जतला केलात तर दुसऱ्या सकाळी खोपोलीची लोकल पकडा. लोणावळ्याच्या परिसरातल्या धरणांचं पाणी डोंगरउतारावरच्या मोठ्या नळांतून सुमारे 500 मीटर खाली, खोपोलीतल्या टाटांच्या जलविद्युत केंद्रात येतं. हे केंद्र 1915 पासूनचं आहे. एवढ्या उंचीवरून आलेल्या पाण्याचा झोत ताशी साडेतीनशे किलोमीटरच्या घरात जातो आणि पेल्टन चक्राच्या, म्हणजे वीज बनवण्यासाठी पाण्याने फिरणाऱ्या चाकाच्या, वाट्यांवर आदळतो. चक्राचा वेग झोताच्या निम्मा ठेवतात, म्हणजे वाटीतून बाहेर पडणाऱ्या पाण्यात वेग जवळजवळ उरतच नाही. रेल्वेला उतरताना जी ऊर्जा जड जाते, तीच इथे मुद्दाम पिकवली जाते. केंद्रात सहज आत जाता येईल असं धरू नका, नळ बाहेरूनच बघा.

जुलै-ऑगस्टमध्ये घाट अप्रतिम दिसतो, पण दरड आली की गाड्या रद्द होतात. निघण्याआधी चौकशी करा आणि त्या दिवशी परतायलाच हवं असा बेत ठेवू नका. सप्टेंबरअखेर धबधबे असतात आणि धुकं कमी, फाटे नीट दिसतात. व्हिस्टाडोमचं, म्हणजे काचेच्या छताच्या डब्याचं, तिकीट महाग आहे, ते लवकर संपतंही; साध्या डब्यातल्या खिडकीतून यातलं काहीही चुकत नाही. परतीच्या सगळ्या गाड्या कर्जतला थांबतातच असं नाही, तेव्हा तिकीट काढताना थांबा तपासून घ्या. दुपारचीच गाडी धरा, अंधारात ठाकूरवाडीचा फाटा दिसत नाही.