पक्ष्यांच्या आवाजाचा प्रकल्प, नोंद ११: दोन इंडेक्सचा गुंता सुटला

सुटलं एकदाचं! मागच्या नोंदीत पिप आणि पिप-टूल्स ही पायथॉन पॅकेजेस बसवायची नेहमीची साधनं सोडून देऊन सगळं यूव्ही या नव्या साधनावर नेतोय असं लिहिलं आणि नंतर गप्प झालो. एका लॉक फाईलने (प्रत्येक पॅकेजचं नेमकं व्हर्जन पक्कं करणारी यादी) चार संध्याकाळी खाल्ल्या.

मांडणी तुम्हाला आठवत असेल. मॉडेल चालवणारी जड लायब्ररी मी पायपीआयवरून, म्हणजे पायथॉन पॅकेजेसच्या मुख्य सार्वजनिक इंडेक्सवरून (कोठारावरून), घेत नाही, कारण तिथली लिनक्सची बिल्ड ग्राफिक्स कार्डाचं सगळं बिऱ्हाड सोबत आणते. नुसत्या सीपीयूवर चालणारी बिल्ड वेगळ्या इंडेक्सवर मिळते. पिपला एक्स्ट्रा इंडेक्सची एक ओळ दिली की भागायचं. तीच ओळ यूव्हीला दिली, तर म्हणे रिक्वेस्ट्स या पॅकेजचं हवं ते व्हर्जन उपलब्धच नाही. मला २.३२ किंवा पुढचं हवं, पायपीआयवर ते डोळ्यांसमोर दिसतंय, आणि यूव्हीचा सॉल्व्हर (एकमेकांशी जुळणारी व्हर्जन्स शोधणारा भाग) २.२८ वर अडून बसलेला.

पिप सगळे इंडेक्स एकत्र धरतं आणि त्यांतलं सगळ्यात वरचं व्हर्जन उचलतं. यूव्ही पॅकेजचं नाव ज्या इंडेक्सवर आधी सापडेल तिथेच थांबतं, आणि जादा इंडेक्सला पायपीआयच्या आधी विचारतं. माझ्या जादा इंडेक्सवर काही नेहमीच्या पॅकेजेसच्या जुन्या प्रती ठेवलेल्या आहेत. तिथे रिक्वेस्ट्स सापडलं, शोध संपला.

एररखालच्या सूचनेत 'अनसेफ-बेस्ट-मॅच'चा, म्हणजे पिपसारखं सगळ्या इंडेक्सांतलं वरचं व्हर्जन घेण्याचा, पर्याय सुचवला होता. तो लावला, लॉक झालं, मी खूश. दोन दिवसांनी अपग्रेड मारलं आणि डाउनलोड संपेचना: गिगाबाइटांमागून गिगाबाइट. पायपीआयवर त्या लायब्ररीचं नवं व्हर्जन आलं होतं, सीपीयूच्या इंडेक्सवर अजून पोचलं नव्हतं. सगळ्यात वरचं उचल म्हटल्यावर त्याने वरचंच उचललं.

नावातला 'अनसेफ' तर त्याहून गंभीर आहे. २०२२ च्या डिसेंबरात पायटॉर्च या मशीन लर्निंगच्या लायब्ररीच्या नाइटली (रोज निघणाऱ्या चाचणीच्या) बिल्डसोबत हेच घडलं: त्यांच्या इंडेक्सवरच्या टॉर्चट्रायटन या पॅकेजच्याच नावाचं घातक पॅकेज कुणीतरी पायपीआयवर टाकलं, आणि पिपने तेच बसवलं. म्हणून पहिल्या इंडेक्सवर थांबण्याचा यूव्हीचा हट्ट मला आता मनापासून पटतो.

खरा उपाय पायप्रोजेक्ट टॉमल या प्रकल्पाच्या सेटिंग्जच्या फाईलमध्ये निघाला. जादा इंडेक्सला नाव द्यायचं, 'एक्सप्लिसिट' ट्रू करायचं, आणि सोर्सेसच्या तक्त्यात ती एकच लायब्ररी त्या नावाशी बांधायची. बाकी कुठलंही पॅकेज मग तिकडे फिरकत नाही. लॉक पहिल्या फटक्यात झालं. व्हेन्व्ह (प्रकल्पाची पॅकेजेस बसतात तो वेगळा फोल्डर) पुसून पुन्हा सिंक केलं तर पापणी लवायच्या आत सगळं जागेवर, कारण फाईली कॅशमधून हार्ड लिंक होतात, नवी प्रत करावी लागत नाही. तीनदा मुद्दाम पुसून पाहिलं!

वेगाबद्दल एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. पिप बसवतानाच बाइटकोड (पायथॉनला थेट चालवता येणारं कोडचं रूप) करून ठेवतं, यूव्ही आपणहून करत नाही. रेकॉर्डिंगच्या छोट्या बोर्डावर (एका पाटीवरच्या संगणकावर) पहिल्यांदा प्रोग्राम सुरू व्हायला लागलेला वेळ मला असह्य वाटला. कम्पाइल-बाइटकोड चालू केल्यावर तो गेला, इन्स्टॉल किंचित लांबलं.

पोएट्री या अशाच दुसऱ्या साधनाबद्दल दोघांनी विचारलं होतं. २०२५ च्या जानेवारीतल्या २.० पासून ती पायप्रोजेक्ट टॉमलमधला प्रमाण प्रोजेक्ट तक्ता वाचते, त्यामुळे ती स्वतःचाच वेगळा तक्ता मागते ही माझी जुनी तक्रार मिटली. सुरळीत चाललेला प्रकल्प तिथून हलवण्याचं कारण मला दिसत नाही.

बोर्डावरूनही पिप काढून टाकायचं ठरलं होतं. पण हे लिहिता लिहिताच वाटलं, कशाला? यूव्हीचं एक्स्पोर्ट लॉकमधून हॅशसकट (फाईल तीच आहे हे तपासायची खूण) रिक्वायरमेंट्स फाईल, म्हणजे पिपला कळणारी पॅकेजेसची यादी, काढून देतं. व्हर्जन्सची सोडवणूक लॅपटॉपवर यूव्ही करेल, बोर्डावर पिप रिक्वायर-हॅशेस लावून फक्त बसवेल. व्हर्जन आणि हॅश दोन्ही पक्के, म्हणजे पिपला दोन इंडेक्स दिले तरी भलतं काही आत शिरणार नाही. शिवाय बोर्डावर एक साधन कमी. पायलॉक टॉमल या प्रमाण लॉक फाईलवरही नजर आहे: यूव्ही ती फाईल काढतं, पिपमध्येही २५.१ पासून प्रायोगिक 'लॉक' आज्ञा आली आहे. पण तिथे उडी नंतर.

आज रात्री बोर्ड कोरा करून हॅशवाली फाईल चढवतोय. जमलं तर पहाटेचं रेकॉर्डिंग त्यावरच.