आमची वाटचाल : पन्ह्यापासून पेहरावापर्यंत

आमचं काम जुन्या साड्यांपासून सुरू झालं. कपाटात पडून असलेल्या साडीचं जॅकेट, लांब श्रग किंवा मिडी ड्रेस शिवून द्यायचा, एवढंच तेव्हा त्याचं स्वरूप होतं. आता आम्ही हातमागाचं कापड विणून घेतो, काही रंग स्वतः चढवतो आणि भारतीय कापाचे, पाश्चात्त्य फिटिंगचे कपडे शिवतो. कपडा पर्यावरणपूरक आहे की नाही, हे मोठ्या प्रमाणात कापणीच्या टेबलावर ठरतं, हे या कामात पक्कं कळलं. तयार कपड्यांच्या धंद्यात साधारण 15 टक्के कापड कापतानाच वाया जातं असं धरतात. सूत कितीही सेंद्रिय असो, ताग्यातला सातवा हिस्सा कतरणीत गेला तर त्यासाठी लागलेलं पाणी, रंग आणि विणकराची मेहनतही त्याबरोबर गेली.

जुनी साडी हातात आली की ती आधी उजेडासमोर धरायची. निऱ्यांचा भाग आणि फॉलच्या वरची पट्टी सर्वात जास्त झिजलेली असते. शंका असेल तिथे कापड दोन्ही अंगठ्यांवर ताणून पाहायचं. धागे सरकून जाळी दिसली तर तो भाग बाहेरच्या बाजूला वापरायचा नाही. रेशमी साडी वर्षानुवर्षं एकाच घडीत ठेवली असेल तर घडीच्या रेषेवर चिरते, म्हणून ती रेषा कधीही खांद्यावर किंवा कोपरावर येऊ द्यायची नाही. पदर सहसा शाबूत असतो, तो जॅकेटच्या पाठीला जातो. काठातून जॅकेटच्या पुढच्या पट्ट्या आणि कफ होतात. अंगाचं कापड नाजूक असेल तर खाली मलमलचा थर देऊन दोन्ही एकत्र शिवायचं. साडीच्या कापडाची पँट मात्र आम्ही शिवत नाही. बसताना नितंबावर ताण आला की शिवणीपाशी धागे सरकतात आणि फ्रेंच शिवण (कापडाच्या कडा आत बंद करणारी दुहेरी शिवण) घालूनही ते थांबत नाही.

साडीची मर्यादा उघड आहे. प्रत्येक नग एकच, माप पुन्हा जुळत नाही. म्हणून हातमागाकडे वळलो. हातमागावर पाच-दहा मीटरची ऑर्डर परवडत नाही, कारण ताणा, म्हणजे मागावरचे उभे धागे, लावण्यातच खूप श्रम जातात. त्यावर उपाय असा की ताणा एकच लावायचा आणि आडवा धागा बदलत जायचं. निळ्या ताण्यावर पांढरं, करडं आणि मंजिष्ठाच्या मुळांनी रंगवलेलं लाल सूत भरलं की एका ताण्यावर तीन वेगळी कापडं मिळतात. शर्ट-कुर्तीसाठी वजन चौरस मीटरला 100 ते 120 ग्रॅम ठेवतो, पँट आणि जॅकेटसाठी 200 ते 250. जाड कापडासाठी कच्छचा काळा कापूस आम्हाला फार आवडतो. तो पावसाच्या पाण्यावर वाढतो, त्याचा धागा आखूड आणि कापड थोडं खरबरीत असतं. धुतल्यावर ते मऊ होत जातं आणि ब्लेझरसारखा आकार छान धरतं. कर्नाटकातल्या गुळेदगुड्डचं खण कापड पन्ह्याला, म्हणजे रुंदीला, अरुंद, म्हणून ते पूर्ण ड्रेसला न वापरता जॅकेटच्या पुढच्या भागांना आणि कॉलरला वापरतो.

इथे एक काळजी घ्यावी लागते. हातमागावर विणलेलं सगळंच कापड खादी नसतं. सूतही हाताने कातलेलं हवं, आणि खादी म्हणून विकायचं तर खादी आणि ग्रामोद्योग आयोगाची खादी मार्क नोंदणी लागते. गिरणीचं सूत असेल तर आम्ही लेबलवर फक्त 'हातमाग' लिहितो.

कोणतंही कापड कापण्याआधी धुतलंच पाहिजे. हातमागाचं सुती कापड लांबीत 5 ते 8 टक्के आटतं, रुंदीत त्याहून कमी. अस्तर न धुता लावलं तर पहिल्या धुण्यानंतर घेराला चुण्या पडतात. बाहेरचं कापड आणि अस्तर वेगवेगळं आटल्यामुळे हे होतं, त्यात शिवणीचा दोष नसतो.

आता कापाबद्दल. पाश्चात्त्य शर्टाचा मुंढा (बाही जोडायची गोल जागा) आणि बाहीची गोलाई यांच्या आजूबाजूला निरुपयोगी तुकडे उरतात. आपल्या जुन्या कुर्त्याच्या कापात आयत, कळ्या आणि बगलेचा चौकोन एवढंच असतं, त्यामुळे कतरण जवळजवळ निघत नाही. आमच्या नमुन्याचा पाया हाच आहे. छाती 36 इंचांच्या सरळ टॉपचं उदाहरण घ्या. 46 इंची पन्हा धुऊन 44 इंच उरतो. त्यावर पुढचा आणि मागचा भाग शेजारी-शेजारी, प्रत्येकी 22 इंच रुंद आणि 40 इंच लांब. बाजूंना इंचभर माया (शिवणीच्या आतलं जादा कापड) ठेवली की तयार घेर 40 इंच होतो, म्हणजे 4 इंचांची सैलाई. त्याखाली 20 इंच लांबीत 18 इंच रुंदीच्या दोन बाह्या. उरते 8 इंच रुंद, 20 इंच लांब पट्टी. तिच्यातून 3 इंचांची लांब पट्टी उभ्या कॉलरला, आणि राहिलेल्या 5 इंचांतून बगलेचे दोन 5 इंची चौकोन आणि काज-बटणांच्या अडीच इंची दोन पट्ट्या. एकूण 60 इंच धुतलेलं कापड, म्हणजे न धुतलेलं सुमारे 1.65 मीटर. गळ्याची गोलाई तेवढी कापून निघते, तिची पोटली बटणं होतात.

हा सगळा कपडा सरळ असल्यामुळे त्याला पाश्चात्त्य घाट द्यायचा कसा? कापून नाही, दुमडून. खांद्याचा उतार इंच-सव्वा इंच आत टीप मारून घेतो. पाठीला कंबरेपाशी पाऊण इंचाचे दोन डार्ट (टीप मारून घेतलेल्या निमुळत्या दुमडी) घालतो, तेही न कापता. अंगात फरक पडला की डार्ट उसवता येतात, बाजूची माया सोडता येते. कारखान्यातल्या कपड्यांत जेमतेम सेंटिमीटरभर माया असते, त्यामुळे वाढवायला जागाच राहत नाही. बगलेचा चौकोन टाळण्याचा मोह मात्र आवरावा. तो नसेल तर हात वर केला की सगळा टॉप वर ओढला जातो आणि बगलेतली शिवण फाटते. चौकोन बसवताना कोपऱ्यावर टीप अचूक थांबवून सुई खाली ठेवूनच कापड फिरवायचं. एक टाकाही पुढे गेला तर तिथे चुणी पडते आणि ती इस्त्रीनेही जात नाही.

रॅप ड्रेससाठी आम्ही अंगरख्याचा काप घेतो. पुढचे दोन्ही भाग एकमेकांवर येऊन बंदांनी बांधले जातात, त्यामुळे चेन लागत नाही आणि एकच ड्रेस दोन मापांना चालतो.

रंगकामात सर्वात भरवशाचं लाल मंजिष्ठाचं. 1 किलो सुती कापड आधी धुण्याचा सोडा आणि साबण घालून तासभर उकळून खळ काढायची. मग 200 ग्रॅम हरड्याची पूड 20 लिटर कोमट पाण्यात, त्यात कापड रात्रभर, आणि न खंगाळता वाळवणं. नंतर 150 ग्रॅम तुरटी गरम पाण्यात विरघळवून त्यात 20 ग्रॅम सोडा हळूहळू घालायचा, फेस येतो. त्यात पुन्हा एक रात्र. शेवटी 500 ग्रॅम मंजिष्ठा, भांडं स्टीलचं, तापमान तासाभरात 70 अंशांपर्यंत आणि पुढे तासभर तिथेच. आच त्याहून बरीच वाढली की लालात तपकिरी झाक येते. पाणी फार मृदू असेल तर रंग नारिंगीकडे झुकतो, तेव्हा चिमूटभर खडूची पूड घालायची. करड्या-काळ्यासाठी हरड्यावर हिराकस (लोहाचा क्षार) देतो, पण कापडाच्या वजनाच्या 2 टक्केच. जास्त हिराकसाने सूत कमजोर होतं. मोरचुदाने रंग पक्का होतो, तरी सांडपाण्यात तांबं जातं म्हणून ते वापरत नाही. हळद उन्हात उडते, पिवळ्यासाठी डाळिंबाची साल बरी.

निळीत एकदाच खूप वेळ बुडवलं तर रंग वरवर बसतो आणि कॉलरला, पर्सला लागतो. थोड्या थोड्या वेळाच्या अनेक बुडवण्या आणि मधे हवा, हाच मार्ग. तरीही प्रत्येक तुकडीवर ओलं पांढरं फडकं दहा वेळा घासून पाहतो. आणि एका नगाचे सगळे भाग एकाच भट्टीच्या कापडातून कापतो, कारण दुसऱ्या भट्टीची छटा हुबेहूब जुळत नाही.

नैसर्गिक रंगाला पाणी आणि इंधन कमी लागतं, असं आम्ही कुणाला सांगत नाही. धुणी बरीच होतात. हरडा आणि तुरटीचं पाणी उरलेल्या घटकांचा अंदाज घेऊन पुन्हा वापरतो, एवढंच. गडद, नेहमी धुतल्या जाणाऱ्या कपड्यांसाठी रिॲक्टिव्ह (धाग्याशी रासायनिक बंध जोडणाऱ्या कृत्रिम) रंगांचं सूत घेतो. त्यातला न बसलेला रंग आणि मीठ सांडपाण्यात जातं, म्हणून सांडपाणी शुद्धीकरणाची सोय असलेल्या ठिकाणीच ते रंगवून घेतो.

लहान गोष्टींत फसगत होते. सुती कपडा पॉलिएस्टरच्या दोऱ्याने शिवला तर शिवून झाल्यावर रंगवताना दोरा पांढराच राहतो. आम्ही मर्सराइज्ड (प्रक्रिया करून मजबूत, चमकदार केलेला) सुती दोरा वापरतो, इंचाला 10-11 टाके. कॉलरला चिकटणाऱ्या कॅनव्हासऐवजी सुती बकरम. बटणं करवंटीची किंवा पितळेची. जर घेताना एक धागा जाळून पाहतो. गोळा होऊन वितळला तर ती प्लॅस्टिकची जर.

ऑक्टोबर 2024 मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पर्यावरणविषयक दाव्यांवर मार्गदर्शक सूचना काढल्या. 'पर्यावरणपूरक' असं मोघम लिहून चालत नाही, आधार द्यावा लागतो. आम्हाला हे मनापासून पटतं. आमच्या लेबलवर सुताचं प्रमाण, रंगाचा प्रकार, माया किती इंच आहे आणि धुण्याची रीत असते: थंड पाणी, रिठा किंवा सौम्य साबण, सावलीत उलटा वाळवणं, लिंबू-चिंचेचा डाग लगेच धुणं, कारण आंबटाने हिराकसाचा काळा उडतो.

सध्या पँटवर काम चालू आहे. आसनाच्या गोलाईत कापड वाया जातं. पायजम्यासारखी मियानी (दोन पायांच्या मधला जोडतुकडा) घातली तर ते वाचतं, पण समोरून कापड फुगतं. मियानी 6 इंचांवरून साडेचारवर आणून, ती उरेब (तिरपी) कापून आणि फक्त मागच्या बाजूला बसवून नमुने शिवतो आहोत.