डिस्कवर एक, कर्नलमध्ये दुसरे

भोसरीच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्याचा डेटाबेस सर्व्हर भरत आला होता आणि तो बंद न करता डेटाचे पार्टिशन, म्हणजे डिस्कचा त्यासाठी राखलेला भाग, वाढवून द्यावे, एवढेच काम मला सांगण्यात आले होते. अनेक डिस्क एकत्र चालवणाऱ्या रेड कंट्रोलरवर वाढीव डिस्क आधीच बसवलेल्या होत्या. चालू लिनक्सवर अशी वाढ करणे आता अवघड राहिलेले नाही. पार्टिशनची सुरुवात जिथल्या तिथे ठेवायची, शेवट पुढे सरकवायचा, कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, तो कळवायचा आणि मग फाइल सिस्टिम, म्हणजे पार्टिशनवर फाइली मांडून ठेवणारी रचना, वाढवायची. ईएक्सटी४ ही लिनक्सची फाइल सिस्टिम माउंट (वापरासाठी जोडलेली) असतानाही मोठी होते, लहान करायची असेल तर मात्र ती अनमाउंट करावीच लागते.

कशालाही हात लावण्याआधी मी दोन नोंदी शेजारी शेजारी ठेवून वाचतो. एक म्हणजे डिस्कच्या पहिल्या सेक्टरमधील (सेक्टर म्हणजे डिस्कचा सर्वांत लहान तुकडा) पार्टिशन टेबल, म्हणजे कोणते पार्टिशन कुठे सुरू होते याची यादी, आणि दुसरी म्हणजे कर्नलने मेमरीत ठेवलेली त्याची प्रत. इथे त्या दोन्ही जुळत नव्हत्या. डिस्कवरील टेबलानुसार तिसरे पार्टिशन १,६७,८९,५०४ या सेक्टरपासून सुरू होत होते, तर कर्नलच्या हिशेबी १,६७,८७,९२५ पासून. फरक १,५७९ सेक्टरांचा, म्हणजे जेमतेम ७९० किलोबाइटचा.

खरे कोण, हे डिस्कलाच विचारायचे होते. ईएक्सटी४चा सुपरब्लॉक, म्हणजे तिची स्वतःची माहिती ठेवणारा भाग, पार्टिशनच्या सुरुवातीपासून १,०२४ बाइटवर असतो आणि त्यात ठरलेल्या जागी ५३ ईएफ हे ओळखीचे दोन बाइट असावेच लागतात. केवळ वाचून पाहिले, तेव्हा कर्नलने सांगितलेल्या जागी ते होते आणि टेबलाने सांगितलेल्या जागी नव्हते. याचा अर्थ असा की चालू मशीन बरोबर होते, आणि ते ज्या क्षणी बंद होऊन पुन्हा सुरू झाले असते, त्या क्षणी डेटाचे पार्टिशन माउंट होण्यास नकार मिळाला असता. डेटा जागेवरच राहिला असता, हे खरे. पण अशा वेळी घाबरलेला माणूस आधी दुरुस्तीचे साधन चालवतो किंवा फॉरमॅट करून मोकळा होतो.

घडले काय, हे नंतर उलगडले. मशीन जुन्या काळी मांडलेले होते, त्यामुळे पार्टिशन सिलिंडरच्या (डिस्क मोजण्याच्या जुन्या एककाच्या) हद्दीवर, म्हणजे १६,०६५ सेक्टरांच्या पटीत सुरू झाले होते. आधीच्या अभियंत्याने जागा वाढवताना एफडिस्क या पार्टिशन मांडण्याच्या साधनात ते टेबलातून पुसून पुन्हा तयार केले आणि सुरुवात विचारली गेली तेव्हा सुचवलेला आकडा तसाच स्वीकारला. आजचे एफडिस्क २,०४८च्या पटीतला आकडा सुचवते. पार्टिशन वापरात असल्यामुळे कर्नलने टेबल पुन्हा वाचण्यास नकार दिला आणि नवे टेबल पुढच्या बूटपासून लागू होईल, असा इशारा पडद्यावर आला. तो वाचून ‘रात्री एकदा रीबूट करून घ्या’ असे सांगून गृहस्थ निघून गेले. पुसून पुन्हा तयार करण्याची पद्धत चुकीची नाही. सुरुवातीचा सेक्टर आधी लिहून न ठेवणे हा मात्र शुद्ध निष्काळजीपणा आहे, आणि आपल्या क्षेत्रात तो ‘अनुभव’ या नावाखाली खपवला जातो, याची मला चीड आहे. माल रवाना करण्याच्या धावपळीत ते रीबूट राहून गेले, म्हणूनच कारखाना वाचला.

वेळही फारसा हाताशी नव्हता, कारण गुरुवारी वसाहतीची सुट्टी असते, देखभालीसाठी वीज जाते आणि त्यांचा यूपीएस दिवसभर पुरणारा नव्हता. डेटाबेसची प्रत दुसऱ्या मशीनवर घेतली, एसएफडिस्क या एफडिस्कच्या भावंड साधनाने टेबल फाइलमध्ये उतरवले, त्यात कर्नलकडची सुरुवात आणि नवी लांबी लिहिली व टेबल पुन्हा न वाचण्याच्या सूचनेसह ते डिस्कवर परत लिहिले. मग रिसाइझपार्ट या आज्ञेने फक्त वाढलेली लांबी कर्नलला कळवली. लिनक्स ३.६ पासून वापरातल्या पार्टिशनची लांबी अशी बदलता येते, पण सुरुवात वेगळी दिली तर कर्नल ती विनंती फेटाळतो; एवढी शिस्त मला माणसांमध्ये क्वचितच आढळते. दोन्ही नोंदी जुळल्यावर फाइल सिस्टिम वाढवली. डेटाबेसवरचे काम त्या वेळी सुरूच होते.

‘सगळं चाललंय ना साहेब, मग बंद कशाला करायचं?’ असे मॅनेजरांनी विचारले. गुरुवारी वीज जाण्याआधी, माझ्यासमोर, आपल्या हाताने रीबूट करायचेच, यावर मी अडून बसलो. मशीन नीट उठले.

त्याच अभियंत्याने त्यांच्या चाकणच्या कारखान्यातील सर्व्हरचीही जागा वाढवली होती, असे निघताना कळले. तो बंद करू नका, एवढे मी लेखी कळवले आहे. तपासणीची परवानगी अजून आलेली नाही.