भाडं घेऊन आलोय

"न्हाई, आज न्हाई जमत. भाडं घेऊन आलोय वाईला."

वाईच्या गणपती आळीत गाडी मागे घेता घेता आमचा ड्रायव्हर फोनवर कुणाला तरी म्हणाला. मागच्या सीटवर आई आणि मावशी बसल्या होत्या. दोघी मिळून वय वर्षे एकशे बावन्न. आईने मावशीला कोपरानं ढोसलं आणि हळूच म्हणाली, "ऐकलंस का? आपण भाडं!" पुढची पाच मिनिटं दोघी तोंडाला पदर लावून हसत होत्या.

मला मात्र तो शब्द लागला. सकाळपासून मी स्वतःला प्रवासी समजत होते, मनातल्या मनात तर थेट मालकीण. गाडी मी सांगितलेली, ठिकाणं मी ठरवलेली, पैसे मी देणार. आणि ज्याच्या हातात चाक होतं त्याच्या हिशेबी आम्ही तिघी म्हणजे एक भाडं. वांग्याचं पोतं काय, वऱ्हाड काय, आम्ही काय.

"गाडी करून जाणे" ही आमच्या घरात फार काळ चैन होती. लग्नाला, देवदेवाला नाहीतर दवाखान्यालाच गाडी व्हायची. एरवी एसटी. नुसतं फिरायला, तेही आपल्या मनाप्रमाणे थांबत थांबत, असं गाडी करून जायचं आईला या वयातही जरा उधळपट्टीचंच वाटतं. म्हणून तिला आधी दर सांगितला नव्हता. आठ तास, ऐंशी किलोमीटर, बावीसशे रुपये. त्यापुढे किलोमीटरला चौदा. टोल, पार्किंग वेगळं. हे तिला गाडीत बसल्यावर कळलं, आणि तिनं पर्समधून छोटी डायरी काढून ड्रायव्हरला विचारलं, "बाळा, आकडा किती आहे आत्ता?" त्यानं मुकाट वाचून दाखवला. तिनं लिहून घेतला. माझे कान गरम झाले. तो मात्र म्हणाला, "बरं केलं आजी. मी इसरतो कदी कदी."

ही गाडी ठरवताना मी खरं तर फोनवर अकरा ठिकाणांची यादी पाठवली होती. कास, ठोसेघर, सज्जनगड, प्रतापगड, भिलारचं पुस्तकांचं गाव, पाचगणी, लिंबची विहीर, वाई, मेणवली, धोम, संगम माहुली. एका दिवसात! साताऱ्याला मावशीकडे चार दिवस राहायला आलेल्या माणसाला नकाशावर सगळं बोटभर अंतरावर दिसतं. रात्री त्याचा फोन आला. यादीबद्दल चकार शब्द नाही. पहिला प्रश्न : "ताई, आजींचं गुडघं कसं हाईत?"

मी सांगितलं, एकाचं ऑपरेशन झालंय, दुसरा तारखेची वाट बघतोय. मावशीचे बरे आहेत, पण तिला धाप लागते. मग त्यानं माझी यादी सोलायला घेतली. कासला जानेवारीत जाऊन काय बघणार, फुलं ऑगस्ट-सप्टेंबरात, आत्ता नुसतं वाळकं गवत. ठोसेघरला धार उरलेली नाही. सज्जनगडाला पायऱ्या. प्रतापगडाला पायऱ्या, शिवाय घाट, मावशींना मळमळेल. पाचगणीला शनिवारी पुणे-मुंबईची गर्दी, गाडीतच दिवस जाईल. "लिंब, वाई, मेणवली, धोम निवांत हुईल. जाताना माहुली. बाकी तुमी म्हनाल तिथं."

"तुम्ही म्हणाल तिथं" हे या धंद्यातलं सगळ्यात पोकळ वाक्य आहे, आणि तेवढंच सभ्य. आपण म्हणतो ते बहुतेक वेळा कुणीतरी टाकलेल्या फोटोवरून. सोलापूरहून छत्रपती संभाजीनगरला गेलेले माझे चुलत दीर असेच ठामपणे सोमवारी अजिंठा आणि मंगळवारी वेरूळ ठरवून बसले होते. सोमवारी अजिंठा बंद असतं आणि मंगळवारी वेरूळ. ड्रायव्हरनं नुसती अदलाबदल केली, "तुम्ही म्हणाल तसं" म्हणत. दीर आजही ती सहल आपणच आखली असं सांगतात.

गाडी पिवळ्या पाटीची होती. पांढऱ्या पाटीवाले "घरचीच गाडी आहे, दोनशे कमी द्या" म्हणतात, पण भाड्यानं चालवायचा परवाना तिला नसतो आणि काही झालं तर विमा हात वर करतो, हे मला एका नातेवाइकाच्या अनुभवावरून पक्कं ठाऊक होतं. पिवळ्या पाटीच्या गाडीला वेग ताशी ऐंशीवर बांधलेला. हायवेवर सगळे आम्हाला मागे टाकून जात होते. आईला हा नियम फार आवडला. "सरकारनं एक तरी शहाणपणा केलाय," ती म्हणाली.

संगम माहुलीला कृष्णा आणि वेण्णा भेटतात. तिथं थोरल्या शाहू महाराजांच्या समाधीजवळच त्यांच्या कुत्र्याचीही समाधी आहे. खंड्या त्याचं नाव, महाराजांना वाघापासून वाचवलं असं सांगतात. न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे याच माहुलीचे. हे सगळं मी आईला सांगत होते, आणि ती ड्रायव्हरला विचारत होती, "तुझ्याकडे कुत्रं आहे का रे?" होतं. त्याचं पुढचं सगळं वर्णन आम्ही लिंबच्या फाट्यापर्यंत ऐकलं. रामशास्त्री राहिले.

लिंबची बारा मोटेची विहीर मी पहिल्यांदाच पाहत होते. १७१९ ते १७२४ या काळात वीरूबाई भोसले यांनी ती बांधून घेतली. वरून पाहिलं तर अष्टकोनी विहिरीला जोडून पुढे लांबट चौकोनी विहीर, म्हणजे शिवलिंगाचा आकार. खोली शंभर फुटांच्या वर. आणि दोन्हींच्या मध्ये, पाण्याच्या डोक्यावर, चक्क महाल. खांबांवर कोरीव काम, आत बसायला गारवा. मोटा ओढणारे बैल वर घामाघूम होत असताना खाली राजदरबाराची बैठक भरत असेल, हे दृश्य डोळ्यांपुढे आणायला मी पायऱ्या उतरून गेले. आई वरच राहणार होती. तिला वाईट वाटू नये म्हणून मी काही बोलले नाही.

खाली पोचून वर पाहिलं तर आई विहिरीच्या काठाला, मोटेच्या दगडी धक्क्याशी उभी. शेजारी ड्रायव्हर, हात धरलेला नाही, पण हात पुढे केला तर मिळेल एवढ्या अंतरावर. तो तिला बोट दाखवून काहीतरी सांगत होता. नंतर आईनं सांगितलं : धक्क्यावरच्या दगडाला मोटेच्या दोरानं पडलेल्या घळी. त्याच्या आजोबांकडे मोट होती, म्हणून त्याला त्या ओळखू येतात. मी महाल पाहिला, कमानी पाहिल्या, फोटो काढले. घळी मला दिसल्याच नाहीत. परत जाऊन पाहाव्यात तर मावशी गाडीत बसून हॉर्न वाजवत होती. हॉर्न कसा वाजवायचा हे तिनं त्याच्याकडूनच शिकून घेतलं होतं.

ही ड्रायव्हर मंडळी ठिकाणं कशी ओळखतात याचं मला कुतूहल वाटायला लागलं. आपल्याला वाईचा ढोल्या गणपती माहीत असतो तो १७६२ साली सरदार रास्त्यांनी बांधला म्हणून, किंवा पुराचं पाणी कापलं जावं म्हणून देवळाची मागची भिंत माशासारखी निमुळती केली म्हणून. त्याला माहीत असतं की घाटाकडून गाडी घातली तर म्हाताऱ्या माणसाला चालावं लागत नाही, आणि साडेअकरानंतर शाळेच्या मुलांची सहल येते. मेणवलीला मी विचारलं, "तुम्ही वाडा आतून पाहिलाय का?" नाना फडणवीसांचा तो वाडा, ज्यातल्या कागदपत्रांवर इतिहास संशोधकांच्या पिढ्या पोसल्या. तो म्हणाला, "न्हाई बा. शाहरुख खानचं शूटिंग झालं तवा गर्दीत आलतो, ल्हान हुतो. पन पार्किंगला झाड एक नंबर हाय."

मेणवलीच्या घाटावरची घंटा मात्र त्यालाही ठाऊक. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई घेतली, तेव्हा तिथल्या चर्चमधल्या घंटा मराठी मुलखात आल्या आणि देवळांना लागल्या. मेणवलीच्या घंटेवर १७०७ हा आकडा आहे, आणि बाळाला घेतलेली मेरी. जवळ जाऊन पाहिलं तर बोटं फिरून फिरून गुळगुळीत झालेली माय. आईनं हात जोडले. मावशी म्हणाली, "अगं, ती त्यांची." आई म्हणाली, "बाळ कडेवर आहे ना? मग झालं."

जेवणाच्या वेळी मी घोळ घातला. ड्रायव्हरनं आमच्याच टेबलावर बसावं असा मी आग्रह धरला. तो "तुमी बसा, माझं हाय तिकडं" म्हणत राहिला, मी ओढत राहिले. शेवटी अवघडून बसला, मान खाली घालून चपातीचे मोठे मोठे तुकडे मोडून दहा मिनिटांत उठला. नंतर लक्षात आलं : गिऱ्हाईक आणणाऱ्या ड्रायव्हरला खानावळवाले मागच्या बाजूला फुकट जेवू घालतात, तिथं त्याचे दोस्त असतात, हसणंखिदळणं असतं, कुठल्या रस्त्याला खड्डे आणि कुठं पोलीस याची देवाणघेवाण असते. दिवसभरात त्याचा स्वतःचा म्हणावा असा तो अर्धा तास. तो मी समतेच्या नावाखाली खाऊन टाकला. असला चांगुलपणा आपण आपल्यासाठी करतो, ही गोष्ट मला त्या पिठल्याबरोबर नीट उतरली नाही.

धोमला कमळाच्या आकाराच्या कुंडात, दगडी कासवाच्या पाठीवर नंदी बसलाय, तेवढा पाहिला आणि परत वाईत शिरलो. कारण यादीत नसलेलं एक ठिकाण आईच्या पोटात होतं. तिचं माहेर वाईचं. घर कधीच विकलं गेलं, पण दारात पारिजातक होता, समोर पिठाची गिरणी होती, आणि माडीवरून नदी दिसायची. एवढ्या ऐवजावर शोध सुरू झाला. गिरण्या तीन निघाल्या. पारिजातक एकही नाही. पूल दोनदा ओलांडला. एकदा आईला खात्री वाटली म्हणून पार पसरणीच्या रस्त्याला लागलो आणि मग तिलाच ते पटेना. ज्या गावात बसून तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी मराठी विश्वकोश मांडला, त्या गावात माझं आजोळ काही सापडेना.

त्यानं एकदाही "राहू द्या आता" म्हटलं नाही. बोळ अरुंद आला की आरसे मिटून घ्यायचा, खाली उतरून एखाद्या ओट्यावरच्या म्हाताऱ्याला विचारून यायचा, आणि पुन्हा, "बसा आजी, अजून एक आळी हाय." शेवटी आईच म्हणाली, "पुरे. बहुतेक ती मघाची नवी बिल्डिंग." तिनं काच खाली केली नाही, मागे वळूनही पाहिलं नाही. थोड्या वेळानं तिनं विचारलं, पेढे चांगले कुठं मिळतील.

ज्या दुकानात त्यानं नेलं तिथं मालक त्याला नावानं ओळखत होता, म्हणजे त्याचं काहीतरी टक्का-दोन टक्के असणारच. पेढे उत्तम होते. मला तक्रार नाही.

पाच वाजता मावशीच्या फाटकाशी उतरलो. त्यानं खिशातून वही काढली. "एकशे वीस झालं ताई. ऐंशीवरचं चाळीस."

आईची डायरी तयारच होती. चष्मा लावून तिनं गाडीत डोकं घातलं, आकडा वाचला, वजाबाकी केली. "एकशे सत्तावीस."

"ते सात तुमचं घर हुडकण्यात गेलं आजी. ते कशाला लावायचं?"

"घर सापडलं नाही हा गाडीचा दोष आहे का?" आईचा आवाज चढला. कोथिंबिरीच्या जुडीवरून दोन रुपयांसाठी भाजीवाल्याला रडवणारी माझी आई! "चौदा सत्ते अठ्ठ्याण्णव. लाव."

"ऱ्हाऊ द्या की."

"लाव म्हणते ना."

मावशीनं मध्ये पडून दोघांनाही गप्प केलं. त्यानं १२० खोडून १२७ लिहिलं, मी फोनवरून पैसे पाठवले, आईनं पेढ्यांचा एक पुडा त्याच्या पुढच्या सीटवर ठेवला आणि दार जरा जोरातच लावलं. गाडी वळवता वळवता त्याचा फोन वाजला. काच खालीच होती.

"हां, सोडलं भाडं. न्हाई न्हाई, कुठं थांबत न्हाई. पेढं हाईत, घरीच येतो."